गप्प कुत्री गुरगुरू लागते तेव्हा: एका दत्तक प्रकरणाचा अभ्यास

रस्त्यावरून वाचवलेले कुत्रे घरी आणल्यावर पहिले काही दिवस ते निमूट पडून राहिले, की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. "इतकी शहाणी आहे हो, भुंकत नाही, कशाला तोंड लावत नाही" हे वाक्य दत्तक दिलेल्या कुत्र्यांच्या पाठपुराव्यासाठी फोन केला की हमखास ऐकायला मिळते आणि ते ऐकले की मी पुढची तारीख लवकरची घेते. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका शहाण्या ठरवल्या गेलेल्या कुत्रीचे आहे. कुटुंबाची ओळख उघड होईल असे तपशील गाळले आहेत.

चिंगी ही साधारण दोन वर्षांची, तांबूस रंगाची गावठी मादी. पुण्याच्या मार्केट यार्ड परिसरात टेम्पोची धडक बसून मागच्या डाव्या पायाचे मांडीचे हाड मोडलेल्या अवस्थेत ती एका निवारा केंद्रात आली. हाड शस्त्रक्रियेने जोडले गेले, त्याच मुक्कामात तिची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण उरकले आणि खूण म्हणून कानाचे टोक कापले गेले. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याला एरवी त्याच्या मूळ जागीच परत सोडायचे असते. परंतु लंगडणारी कुत्री मालाच्या गाड्यांच्या वर्दळीत टिकाव धरणार नाही, असे तिच्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांचे मत पडल्याने तिच्यासाठी घर शोधण्यात आले. घर मिळाले ते सिंहगड रस्त्यावरील एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे, मुलगी आठवीत आणि सोबत नवऱ्याची आई. कुत्री आणण्याचा हट्ट मुलीचा होता, होकार आईवडिलांचा होता आणि आजींची अट एवढीच होती की कुत्रीने देवघराच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही.

या कुत्रीला माणसांची सवय नव्हती असे म्हणता येणार नाही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे केलेल्या दीर्घ अभ्यासानंतर १९६५ मध्ये दाखवून दिले, की पिल्लाच्या वयाचा तिसरा ते सुमारे बारावा आठवडा हा जगाशी ओळख होण्याचा काळ असतो आणि त्या काळात जे भेटते ते पुढे आपलेसे वाटते. चिंगीचा तो काळ हमाल, हातगाड्या, गोण्या, ओरडणारे अडते आणि पहाटेची वर्दळ यांत गेलेला होता. तिला जे कधीच भेटले नव्हते ते म्हणजे छप्पर, पंखा, चकचकीत फरशी, कुकरची शिट्टी आणि बंद होणारे दार. त्याहूनही मोठा फरक असा, की रस्त्यावरच्या कुत्र्याच्या बहुतेक अडचणींवर एकच उपाय असतो आणि तो म्हणजे तेथून निघून जाणे. नको असलेला माणूस जवळ आला की ते दहा पावले सरकते, दुसऱ्या कुत्र्याचा रोख बदललेला दिसला की गल्ली बदलते, कोणी दगड उचलला की पळते. सातशे चौरस फुटांच्या बंद घरात हा उपाय संपतो. या प्रकरणात पुढे जे बिघडले आणि जे सावरले, ते दोन्ही या एकाच गोष्टीभोवती फिरत राहिले असे माझे मत आहे.

पहिल्या आठवड्यात कुटुंबाने जे काही केले ते सगळे प्रेमापोटी केले. नवी गादी दिवाणखान्याच्या मधोमध, सर्वांच्या नजरेसमोर टाकली. दुसऱ्याच दिवशी गोचिडांसाठी औषधी साबणाने आंघोळ घातली. हातातून बिस्किटे भरवली. मुलीच्या मैत्रिणी, शेजारी, कार्यालयातील सहकारी अशी माणसे तिला पाहायला येऊन गेली. चिंगी त्या गादीवर बसली नाही. ती सोफा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत अंग चोरून पडून राही, माणसे झोपल्यावर रात्री उशिरा उठून खाई आणि पहिल्या दिवशी तर तिने जवळपास चोवीस तास लघवीच केली नाही. या काळाचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे मुलीने ठेवलेली वही. त्या वहीत एका पानावर असे लिहिलेले आहे: "आज चिंगीने सहा वेळा जांभई दिली. रात्री झोप झाली नसेल. मी तिला मिठी मारली तेव्हा तिने माझा हात नाही चाटला, स्वतःचेच ओठ चाटले." पुढच्या पानावर: "पाहुणे आले तर ती हललीच नाही. पुतळ्यासारखी. सगळे म्हणाले किती गुणी."

कुत्र्यांच्या वागणुकीचा थोडा परिचय असलेल्या वाचकाला या चार ओळींत सगळे दिसेल. झोपेची वेळ नसताना येणारी जांभई, खाणे समोर नसताना ओठांवरून फिरणारी जीभ, तोंड एका बाजूला वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहणे, ज्यामुळे डोळ्यांची पांढरी कोर दिसते, आणि सर्वांत शेवटी दगडासारखे थिजणे, ही सारी अवघडलेपणाची चिन्हे आहेत. कुटुंबाला ती दिसत होती, मुलीने तर ती लिहूनही ठेवली होती. त्यांचा अर्थ मात्र उलटा लागला होता.

तिसरा आठवडा सुरू होताना चित्र पालटले. चिंगी फटीतून बाहेर येऊन घरभर फिरू लागली, दाराची घंटा वाजली की भुंकू लागली आणि एका संध्याकाळी मुलगी तिच्यावर वाकली असता तिच्यावर गुरगुरली. "आली तेव्हा किती चांगली होती, आता बिघडली" हा निष्कर्ष घरात त्याच रात्री निघाला. दत्तक घेणाऱ्यांमध्ये पहिले तीन दिवस, पहिले तीन आठवडे आणि पहिले तीन महिने असा एक आडाखा प्रचलित आहे. तो ढोबळ आहे, त्यामागे काही काटेकोर मोजमाप नाही आणि प्रत्येक कुत्रे त्यात बसत नाही. तरीही त्याचा एक उपयोग असा, की तिसऱ्या आठवड्याच्या आसपास कुत्रे 'बिघडल्याचे' वाटले तर ते बहुधा पहिल्यांदाच बोलू लागलेले असते, एवढे तरी लोकांच्या कानावर पडते. या कुटुंबाच्या कानावर नेमके दुसरे काहीतरी पडले. ओळखीतल्या एका कुत्रेपाळू गृहस्थांनी सल्ला दिला की कुत्रीला मालक कोण ते दाखवून द्या, गुरगुरली की खाली दाबा. कळपाचा म्होरक्या आणि त्याची सत्ता ही कल्पना मुळात कोंडून ठेवलेल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांतून १९४७ च्या सुमारास रूढ झाली आणि ती लोकप्रिय करण्यात ज्यांचा वाटा होता त्या डेव्हिड मीच (Mech) या लांडगा-अभ्यासकांनीच पुढे ती मागे घेतली, कारण रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे साधारणपणे आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात. पण ही दुरुस्ती अजून आपल्या सोसायट्यांच्या बागांपर्यंत पोहोचायची आहे.

वडिलांनी दाबले नाही, पण वर्तमानपत्राची गुंडाळी जमिनीवर आपटून ते दरडावू लागले. चार-पाच दिवसांत गुरगुरणे थांबले. यश आले असे सर्वांना वाटले. वस्तुतः त्या घरात तिच्यापाशी उरलेली शेवटची सूचना तिने देणे बंद केले होते.

त्यानंतरच्या रविवारी मुलीचा मामा आला. चिंगी सोफ्याच्या कडेला उजव्या कुशीवर गाढ झोपली होती. मामाने कौतुकाने तिच्या पाठीवरून हात फिरवत तो मागच्या मांडीपर्यंत नेला आणि ती एकदम वळून त्याच्या मनगटावर आली. दात घासून गेला, कातडीवर लाल ओरखडा उठला, रक्त आले नाही. घरातल्यांनी त्या क्षणी केलेली गोष्ट योग्य होती: नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे मनगट धुतले, हळद-चुना काही लावले नाही आणि त्याच दिवशी महापालिकेच्या रुग्णालयात नेले. रेबीजच्या धोक्यानुसार जखमांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत आणि रक्त न येता खरचटलेली जखम दुसऱ्या श्रेणीत धरली जाते. तिला रेबीजची लस पुरते, तयार प्रतिद्रव्याचे (इम्युनोग्लोब्युलिनचे) इंजेक्शन लागत नाही. चिंगीचे लसीकरण झालेले असूनही मामाने लस सुरू केली आणि कुत्री दहा दिवस निरीक्षणाखाली राहिली. कुत्रे लस घेतलेले आहे म्हणून माणसाने लस टाळावी, हा निर्णय कोणीही घरच्या घरी घेऊ नये.

कुटुंबाचा मला फोन आला तेव्हा घरात दोन मते होती. एक मत कुत्री केंद्राला परत करण्याचे आणि दुसरे, एका नातेवाइकाचे, तिला "जिथून आणली तिथे" सोडून देण्याचे. दुसऱ्या मताबद्दल स्पष्ट बोलणे भाग होते. पाळलेला प्राणी उपासमारीला तोंड द्यावे लागेल अशा रीतीने सोडून देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. शिवाय इतक्या आठवड्यांत तिच्या मूळ जागेवर दुसऱ्या कुत्र्यांनी ताबा मिळवलेला असणार आणि त्यांच्यासमोर ती तीन पायांवर उभी राहिली असती. परत करण्याच्या मताविषयी मात्र मी वाद घातला नाही. जे कुटुंब भीतीपोटी कुत्रे ठेवते ते त्याला नीट वागवू शकत नाही, म्हणून परतीचे दार उघडे आहे हे आधी सांगितले आणि निर्णय पशुवैद्यकीय तपासणीनंतर घ्यावा असे ठरले.

अचानक चावलेल्या कुत्र्याची पहिली भेट वर्तनतज्ज्ञाशी न होता पशुवैद्याशी व्हावी, हा नियम या प्रकरणाने पुन्हा अधोरेखित केला. रक्ततपासणीत प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींची, संख्या ऐंशी हजारांच्या आसपास निघाली. निरोगी कुत्र्यात ती साधारण दोन लाखांच्या वर असते. निदान झाले ते गोचिडतापाचे, म्हणजे तपकिरी गोचिडाच्या चाव्यातून शिरणाऱ्या एर्लिकिया या जंतूच्या संसर्गाचे. सुरुवातीच्या आठवड्यांतला तिचा मंदपणा, न खाणे, दिवसभर पडून राहणे, यांतला बराचसा भाग भीतीचा होता तसाच काही भाग या आजाराचाही असणार. दुसरे म्हणजे मागचा पाय मागे ताणला की ती श्वास रोखून धरी. क्ष-किरण चित्रात हाड व्यवस्थित जुळलेले होते, पण त्या बाजूच्या खुब्यात झीज दिसत होती आणि मांडीचे स्नायू उजव्या पायाच्या मानाने हाताला स्पष्टपणे बारीक लागत होते. मामाचा हात बरोबर त्याच जागी पोहोचला होता.

गोचिडतापासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक अठ्ठावीस दिवसांचे दिले गेले. ही गोळी कोरडी गिळली तर अन्ननलिकेला इजा करू शकते, म्हणून ती खाण्याबरोबर आणि वर पाणी पाजून द्यावी लागते. येथे ती उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यात लपवून, मागून पातळ रस्सा देऊन दिली गेली. हा रस्सा म्हणजे नुसते कोंबडी उकडलेले पाणी, त्यात कांदा-लसूण नाही, कारण हे दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. सांध्यासाठी कुत्र्यांचे वेदनाशामक सुरू झाले. वडिलांनी सद्भावनेने घरातली आयबुप्रोफेनची अर्धी गोळी द्यायची तयारी केली होती, ती वेळीच थांबवता आली. माणसांची वेदनाशामके कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला किती लवकर निकामी करतात, हे औषधाच्या दुकानात कोणी सांगत नाही.

औषधे सुरू झाल्यावर घरातील मांडणीकडे वळलो. योजना कागदावर उतरवली तेव्हा आईंची पहिली प्रतिक्रिया अशी होती की यात करायचे काहीच नाही, सगळे न करायचेच आहे. ते खरे होते. तिला गमावलेली निघून जाण्याची सोय परत द्यायची होती आणि ती देण्यासाठी माणसांनी बऱ्याच गोष्टी थांबवायच्या होत्या.

सर्वांत आधी जागा. गादी दिवाणखान्यातून उचलून स्वयंपाकघराबाहेरच्या बोळकांडीत, कपाटाच्या आडोशाला नेली, जेथून दोन बाजूंना वाट होती आणि मागे भिंत होती. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची एक रेघ मारली. रेघेच्या आत चिंगी असेल तर तिला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, वाकून पाहायचे नाही, मग ती झोपलेली असो की जागी. झोपेत दचकून प्रतिक्रिया देणारे कुत्रे असेल तर झोपेची जागा येण्याजाण्याच्या वाटेवर नसावी, ही गोष्ट साधी आहे, पण शहरी घरांत तिच्यासाठी जागा काढणे हीच खरी कसोटी असते. येथे चपलांचे कपाट हलवावे लागले आणि त्यावरून घरात थोडी कुरबूरही झाली.

मग फरशी. आईंना वाटत होते की चिंगी घाबरट आहे म्हणून भिंतीला चिकटून चालते. ती भिंतीला चिकटून चालत होती कारण चकचकीत फरशीवर तिचा दुखरा पाय बाहेर घसरत होता आणि प्रत्येक घसरणीत खुब्याला हिसका बसत होता. महाग गालिच्यांची गरज नव्हती. वाण्याकडून आणलेली रिकामी बारदाने धुऊन, खाली जुन्या रबरी चटईचे तुकडे टाकून, गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तेथून दारापर्यंत अंथरली. मुलीच्या वहीत त्या संध्याकाळी नोंद आहे की चिंगी "पहिल्यांदा खोलीच्या मधून चालली". बारदानाचा वास तिला मार्केट यार्डाची आठवण करून देत असेल, असे मुलीचे म्हणणे होते; ते तपासायचा मार्ग नाही, पण पुढे अनेक दिवस ती गादी सोडून बारदानावरच झोपत असे हे खरे.

स्पर्शाचा प्रश्न नाजूक होता, कारण कुत्री आणलीच होती मुळी मुलीने कुरवाळण्यासाठी. कोलकात्याच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) येथे अनिंदिता भद्र यांच्या गटाने भटक्या कुत्र्यांवर केलेले अभ्यास याबाबत उद्बोधक आहेत. २०१७ मध्ये त्यांनी दाखवले की अनोळखी माणूस पुन्हापुन्हा भेटत राहिला, तर खाऊपेक्षा कुरवाळण्यामुळे कुत्र्याचा त्याच्यावरचा विश्वास अधिक वाढतो. म्हणजे मुलीची ओढ चुकीची नव्हती. फक्त ते कुत्रे मोकळ्या रस्त्यावर होते, त्यांना हवे तेव्हा निघून जाता येत होते आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडलेले नव्हते. म्हणून येथे पद्धत अशी ठरली, की मुलीने जमिनीवर बाजूला तोंड करून बसायचे, चिंगी आपणहून आली तरच छातीवर किंवा गळ्याखाली तीन-चार सेकंद खाजवायचे आणि हात काढून घ्यायचा. ती आणखी जवळ सरकली तर पुन्हा; तिने तोंड वळवले तर संपले. कमरेच्या मागे कोणाचाच हात जाणार नाही. डोक्यावरून येणारा हात नाही. मिठी नाही. मुलगी रडली. आठवीतल्या मुलीला हे सांगणे सोपे नसते, आणि तिने ते पाळले याचे श्रेय कोणा मार्गदर्शकाला नाही.

गुरगुरण्याबद्दलचा नियम घरातल्या मोठ्यांना अधिक जड गेला. गुरगुरली तर रागवायचे नाही. हातातले काम थांबवून दोन पावले मागे व्हायचे आणि कशावर गुरगुरली ते वहीत लिहायचे. वडिलांचा आक्षेप रास्त होता: मागे हटलो तर तिला गुरगुरण्याची सवय लागणार नाही का? लागते. पण गुरगुरणे ही चाव्याच्या आधीची पायरी आहे, आणि जी पायरी काढून टाकल्यामुळे मामाच्या मनगटावर ओरखडा आला ती परत बसवणे, हे त्या महिन्यात घरातले सर्वांत महत्त्वाचे काम होते. कारणे कमी झाली की गुरगुरणे आपोआप विरळ होते. येथेही तसेच झाले, मात्र आधी ते दोन आठवडे वाढले आणि त्या दोन आठवड्यांत फोन बरेच आले.

बाहेर नेण्याचा गुंता दुहेरी होता. इमारतीच्या आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि चिंगीला आयुष्यभर मातीची सवय. कुत्र्याला कोणत्या पृष्ठभागावर विधी करायचा याची आवड लहानपणीच बसते, म्हणून ती आवारात अर्धा तास फिरून कोरडीच वर येई आणि मग रात्री गॅलरीतल्या कुंड्यांपाशी उरकून घेई. उपाय म्हणून तिला पहाटे, वाहने सुरू होण्यापूर्वी, मागच्या मोकळ्या भूखंडावर नेणे सुरू झाले. पट्टा आणि छातीपट्टा असे दोन्ही घालून, दोन दोऱ्यांनी, कारण नव्या घरातले कुत्रे हरवते ते बहुतेक याच काळात, एका दचक्यात मान पट्ट्यातून मागे ओढून. प्रश्न दुसरा होता तो चार मजल्यांचा. जिने चढणे खुब्याला वर्ज्य आणि लिफ्ट जुनी, जाळीच्या सरकत्या दाराची, जिचा खडखडाट माणसालाही दचकवतो. दहा-बारा दिवस वडिलांनी तिला उचलून ने-आण केली. लिफ्टची ओळख दुपारच्या निवांत वेळी करून दिली गेली: आधी बंद लिफ्टसमोरच्या पायपुसण्यावर कोंबडीचे तुकडे, मग उघड्या दाराशी, मग आत दोन पाय, मग चारही पाय आणि लगेच बाहेर, आणि दाराचा आवाज मात्र ती लांब, जिन्याच्या वळणावर खात असताना वेगळा ऐकवलेला. एका पायरीवर खाणे थांबले की मागची पायरी. पहिल्यांदा लिफ्ट तिला घेऊन खाली गेली तोवर गोचिडतापाचे औषध संपत आले होते.

या सगळ्या काळात चिंगीने ज्या व्यक्तीची निवड केली ती कोणी अपेक्षिली नव्हती. आजी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून भाजी निवडत. त्यांनी चिंगीला कधी बोलावले नाही, तिच्याकडे रोखून पाहिले नाही, तिला काही दिलेही नाही. त्या मेथीच्या काड्या ताटात टाकत आणि रेडिओ ऐकत. चिंगी आधी बोळकांडीतून पाहू लागली, मग रेघेबाहेर येऊन आडवी झाली, मग एक दिवस आजींच्या पावलांपासून हातभर अंतरावर पाय पसरून झोपली. सुनेने कौतुकाने फोटो काढायला मोबाईल पुढे केला तेव्हा आजी म्हणाल्या, "राहू दे गं तिला तिच्या तिच्यात." माझ्या कागदावरची सगळी योजना या एका वाक्यात होती. देवघराची अट मात्र त्यांनी सोडली नाही, आणि उंबऱ्यावर आडवी फळी लावल्यावर चिंगीनेही त्या खोलीत रस दाखवला नाही.

शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद म्हणून आलेला शिरा मुलीने एकदा तिला चमचाभर दिला. त्यात बेदाणे होते आणि बेदाणे, मनुका, द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, किती प्रमाणात ते प्रत्येक कुत्र्यागणिक बदलते. वेळेत उलटी करवून घेतल्याने प्रकरण निभावले. सोसायटीकडून लिफ्टमध्ये कुत्रे नेण्यास हरकत घेणारे पत्रही आले होते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत जोडून उत्तर दिल्यावर आणि गर्दीच्या वेळी लिफ्ट न वापरण्याचे कुटुंबाने आपणहून लिहून दिल्यावर ते मिटले.

दिवाळीची तयारी गणपतीनंतर लगेच सुरू केली, कारण विसर्जनाच्या ढोल-ताशांनी अंदाज आला होता. त्या रात्री ती न्हाणीघरात बादलीमागे शिरून थरथरत राहिली होती. न्हाणीघराला खिडकी नव्हती आणि तिने ती जागा स्वतः शोधली होती, म्हणून तिला तेथून बाहेर ओढण्याऐवजी तेथेच बारदान आणि पाणी ठेवले गेले, बाहेर पंखा मोठ्या गतीने लावला गेला. दिवाळीत संध्याकाळचे बाहेर जाणे अंधार पडण्यापूर्वी उरकायचे ठरले आणि पशुवैद्यांनी भीती कमी करणारे औषध आधीच एका शांत दिवशी देऊन पाहिले. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. फटाक्यांसाठी अजूनही काही ठिकाणी एसेप्रोमेझिन हे गुंगी आणणारे औषध एकटेच दिले जाते. त्याने कुत्रे निपचित पडते, पण त्याची भीती कमी होत नाही. हलता न येणारे घाबरलेले कुत्रे पाहणाऱ्याला शांत वाटते, एवढेच. या प्रकरणात तर तो फरक आधीच एकदा महागात पडला होता. लक्ष्मीपूजनाची रात्र चिंगीने न्हाणीघरात काढली, अधूनमधून धापा टाकल्या, पण रात्री दहानंतर तिने खाल्ले. पहिल्या दिवाळीसाठी हे पुरेसे मानले.

आजमितीस चिंगी गुरगुरते. कोणी अनोळखी माणूस रेघेजवळ गेला, नखे कापायला पाय धरला, किंवा थंडीच्या दिवसांत खुबा अधिक दुखत असला की गुरगुरते, आणि घरातली माणसे त्या आवाजाकडे लक्ष देतात. नखे पशुवैद्यांकडे सौम्य भुलीखाली कापली जातात; घरी पायांना हात लावू देण्याचा सराव सुरू आहे, पण डाव्या मागच्या पायापाशी तो अडलेला आहे आणि कदाचित अडलेलाच राहील. खुब्याची झीज वयाबरोबर वाढणार, त्यामुळे वजन आटोक्यात ठेवणे आणि वर्षातून एकदा क्ष-किरण तपासणी हे कायमचे झाले आहे. मामा पुन्हा येऊन गेला. मुलीने त्याला दारातच सूचना दिल्या, तो खुर्चीवर बसून राहिला, चिंगीने त्याच्या पँटचा वास घेतला आणि ती बोळकांडीत निघून गेली. तिच्या मागे कोणी गेले नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबाला कोकणात गावी जायचे आहे आणि चिंगीला न्यायचे की आजींसोबत ठेवायचे, हे अजून ठरलेले नाही. ज्या प्रकारच्या वाहनाने तिला धडक दिली त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकला की ती अजूनही रस्त्यात खाली बसते, त्यामुळे मोटारीचा सराव अगदी सावकाश चालला आहे. सध्या ती उभ्या, इंजिन बंद असलेल्या गाडीत दोन्ही दारे उघडी ठेवून मागच्या आसनावर खाते. दार लावण्याची पायरी पुढच्या महिन्यात घ्यावी असा विचार आहे, आणि तोपर्यंत ती जमली नाही तर आजींनी पुण्यातच थांबायची तयारी दाखवली आहे.